मुळाचे शेवटचे तीन मिलिमीटर

रूट कॅनाल झालेला दात काही वर्षांनी पुन्हा ठणकू लागला, किंवा त्याच्या वरच्या हिरडीवर पुळी येऊन पू वाहू लागला, की आपल्याकडे निकाल जवळपास ठरलेला असतो. एवढा खर्च करून उपयोग झाला नाही, आता दात काढून टाकावा आणि जमल्यास तिथे इम्प्लांट बसवावा. घरातली माणसे हे सुचवतात, रुग्णही कंटाळून तयार होतो आणि पुष्कळदा दवाखान्यातही हाच मार्ग सर्वांत आधी पुढे केला जातो. या विचारात एक गृहीतक दडलेले आहे: उपचार फसला म्हणजे दात फसला. मला हे गृहीतक उथळ वाटते. रूट कॅनाल अपयशी ठरणे ही रोगाबद्दलची एक माहिती आहे, दाताला दिलेली शिक्षा नव्हे. अपयशाचे कारण कुठे आहे हे शोधल्यावर पुष्कळ दातांच्या बाबतीत ते मुळाच्या अगदी टोकाशी सापडते, आणि तेवढेच टोक शस्त्रक्रियेने कापून, मागून बंद करून उरलेला दात वाचवता येतो. या शस्त्रक्रियेला एपिकोएक्टोमी म्हणतात. दंतवैद्यांच्या बोलण्यात ती नुसती ‘एपिको’ असते. माझे म्हणणे असे आहे की, कारण शोधल्याशिवाय दात काढणे हा वैद्यकीय निर्णय होऊच शकत नाही. दात काढणे ही सर्व पर्यायांतली एकमेव न परतणारी पायरी आहे, म्हणून तिचा क्रमांक शेवटचा असला पाहिजे.

१. बिघाड नेमका कुठे असतो

रोगाचे मूळ समजून घेण्यासाठी १९६५ सालचा एक प्रयोग पाहावा लागतो. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या अमेरिकी संशोधकांनी उंदरांच्या दाढांना भोके पाडून आतला मज्जातंतूंचा गर उघडा केला. सामान्य उंदरांमध्ये तो गर सडला आणि मुळाशी गळू झाले. जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये मात्र, त्याच जखमेत अन्नाचे कण अडकूनही, गर जिवंत राहिला आणि वरून नवे दंतिन तयार होऊन भोक बुजू लागले. निष्कर्ष स्पष्ट होता: मुळाच्या टोकाशी हाड झिजते ते जंतूंमुळे. जंतू काढा, वाट बंद करा, शरीर उरलेले काम स्वतः करते. रूट कॅनालचे सारे शास्त्र याच तत्त्वावर उभे आहे.

अडचण दाताच्या रचनेत आहे. मुळाच्या आतली पोकळी ही एक सरळ नळी असते असा समज चित्रांमुळे झाला आहे. प्रत्यक्षात ती टोकाकडे जाताना नदीच्या मुखासारखी अनेक बारीक फाट्यांत विभागते. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात तर बहुधा दुसरी चोरवाट असते, आणि दोन वाटांच्या मधे फटीसारखे अरुंद जोडही असतात. वरून घातलेली सुई मुख्य वाट साफ करते, औषधी पाणी काही फाट्यांत पोहोचते, पण काही कोपरे उरतात. मृत दाताच्या आत रक्तपुरवठा नसल्यामुळे तिथे शरीराच्या संरक्षक पेशी जात नाहीत आणि पोटात घेतलेली अँटिबायोटिकची गोळीही पोहोचत नाही. गोळ्यांचा कोर्स केला की सूज उतरते, दोन महिन्यांनी पुन्हा येते, असे चक्र अनेकांच्या वाट्याला येते त्याचे कारण हेच आहे. औषध बाहेरच्या पेशींपर्यंत जाते. जंतूंचा मुक्काम आत सुरक्षित राहतो.

आता महत्त्वाचा आकडा पाहू. सिंगकुक किम आणि क्रॅचमन यांनी २००६ मध्ये मांडल्याप्रमाणे, मुळाचे टोक ३ मिलिमीटर कापले तर टोकाकडच्या फाट्यांपैकी ९८ टक्के आणि बाजूच्या उपवाटांपैकी ९३ टक्के त्या तुकड्याबरोबर निघून जातात. दाताचे मूळ साधारण १२ ते १६ मिलिमीटर लांब असते. म्हणजे ज्या भागात उपद्रवाची शक्यता सर्वांत दाट, तो भाग मुळाच्या पाव हिश्श्याएवढा किंवा त्याहून लहान आहे. तेवढ्यासाठी पूर्ण दात टाकून देणे हे कारण आणि उपाय यांच्यातले प्रमाण सुटल्याचे लक्षण आहे.

अपयशाचे दुसरे कारण सिस्टचे, म्हणजे मुळाच्या टोकाशी वाढणाऱ्या द्रवाच्या पिशवीचे. पी. एन. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मुळाच्या टोकाच्या २५६ व्रणांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. त्यांत खऱ्या अर्थाने सिस्ट म्हणता येतील असे १५ टक्केच निघाले, आणि त्यांपैकीही निम्म्याहून थोडे अधिक दाताच्या पोकळीपासून पूर्ण तुटलेले, स्वतंत्र वाढणारे होते. या अभ्यासातून दोन गोष्टी कळतात. एक्स-रेमध्ये काळा गोल दिसला की सिस्ट आहे असे म्हणणे बहुतेक वेळा चूक असते. पुष्कळ व्रण रूट कॅनालनेच भरून येतात. जे थोडे खरे, स्वतंत्र सिस्ट असतात ते आतून केलेल्या कितीही साफसफाईला जुमानण्याची शक्यता कमी असते. तिथे बाहेरून जाऊन ते काढावेच लागतात. काढलेली ऊती तपासणीसाठी पाठवता येते, हाही शस्त्रक्रियेचा वेगळा फायदा आहे.

२. शस्त्रक्रियेत काय केले जाते

शब्द ऐकूनच भीती वाटते, म्हणून प्रत्यक्ष काम बघणे आवश्यक आहे. हे काम जागेवरच्या भुलीखाली, दवाखान्याच्या खुर्चीत होते. भुलीच्या औषधात अॅड्रेनलिन असते, त्याने रक्तस्राव आटोक्यात राहतो आणि डॉक्टरला स्वच्छ दिसते. हिरडीवर छेद घेऊन तिचा पदर हाडापासून अलगद उचलला जातो. मुळाच्या टोकासमोरच्या हाडात सुमारे ४ मिलिमीटरची खिडकी केली जाते. व्रणाने हाड आधीच पोखरले असेल तर ती पुष्कळदा तयारच मिळते. आतली रोगट ऊती खरवडून काढतात आणि मुळाचे टोक ३ मिलिमीटर कापतात. कापलेल्या पृष्ठभागावर मेथिलीन ब्लू हा निळा रंग लावून मायक्रोस्कोपखाली पाहिले की सुटलेली वाट किंवा मुळाला गेलेली बारीक चीर निळ्या रेघेसारखी उमटते. कितीही चांगल्या एक्स-रेमध्ये न दिसणारे अपयशाचे कारण इथे डोळ्यांनी दिसते, आणि चीर आढळली तर तिथेच थांबून दात काढण्याचा निर्णय घेता येतो.

कारण सापडल्यावर अल्ट्रासॉनिक कंपनांवर चालणाऱ्या चिमुकल्या टोकाने मुळात मागून, मूळ वाटेच्या सरळ रेषेत ३ मिलिमीटर खोल खळगी केली जाते. ती एमटीए किंवा तत्सम बायोसिरॅमिक सिमेंटने भरतात. एमटीए १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी विकसित केले. बांधकामातल्या पोर्टलँड सिमेंटशी त्याचे रासायनिक नाते आहे, पण ते वैद्यकीय शुद्धतेचे असते आणि एक्स-रेमध्ये दिसावे म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड घातलेले असते. ते ओलाव्यात घट्ट होते, त्यामुळे रक्त आणि द्रव असलेल्या जागेतही टिकून बसते, आणि त्याच्या लगतच्या पेशी त्याला परके मानून दूर राहत नाहीत. त्यावर नवे आवरण चढते. शेवटी हिरडी परत जागेवर बसवून बारीक टाके घालतात. ते काही दिवसांत काढले जातात. हाड भरून यायला महिने लागतात, म्हणून यशाचा निर्णय साधारण वर्षभराच्या एक्स-रेवर करतात.

३. पहिला आक्षेप: ही शस्त्रक्रिया पूर्वीपासून फसते

हा आक्षेप निराधार नाही, पण तो जुन्या तंत्रावर आहे. पूर्वी मूळ तिरके, ४५ अंशांच्या आसपास कापत, कारण सरळ कापलेले टोक उघड्या डोळ्यांनी नीट दिसत नसे. तिरक्या छेदामुळे दंतिनमधल्या असंख्य सूक्ष्म नळ्या उघड्या पडत आणि गळती होई. शिवाय मुळाचा मागचा भाग न कापताच राहून जाई. खळगी सामान्य ड्रिलने, चुकीच्या कोनात होई. भरण्यासाठी चांदीचे अमलगम वापरत, ते कालांतराने गळे आणि झिजे. थोडक्यात, जंतूंची वाट बंद करण्याचे मूळ उद्दिष्टच पुरे होत नसे.

फ्रँक सेट्झर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रकाशित झालेल्या अभ्यासांचा एकत्रित ताळा घेतला तेव्हा जुन्या पद्धतीचे यश ५९ टक्के निघाले. मायक्रोस्कोप, अल्ट्रासॉनिक टोके आणि आधुनिक सिमेंट वापरणाऱ्या पद्धतीचे ९४ टक्के. हा फरक रुग्णांचा नाही, पद्धतीचा आहे. ९४ हा आकडाही डोळे झाकून घेऊ नये. त्यातील बरेच अभ्यास अल्पकाळाच्या पाठपुराव्याचे आहेत आणि शस्त्रक्रिया तज्ज्ञांनी निवडून घेतलेल्या दातांवर झालेली आहे. म्हणून दीर्घकाळाचा पुरावा पाहावा. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थॉमस फॉन आर्क्स यांच्या गटाने एमटीए भरलेले दात दहा वर्षे पाहिले. यश पाच वर्षांपर्यंत ९१ टक्क्यांच्या आसपास टिकले आणि दहा वर्षांनी ८१.५ टक्क्यांवर आले. घट खरी आहे. पण ज्या दातांना अन्यथा काढूनच टाकायचे होते त्यांच्यापैकी पाचांतले चार दहा वर्षांनंतरही निरोगी असतील, तर ही शस्त्रक्रिया कुचकामी म्हणणे पुराव्याला धरून नाही. प्रश्न ‘एपिको करावी का’ यापेक्षा ‘कोण, कोणत्या साधनांनी करतो’ असा विचारायला हवा.

४. दुसरा आक्षेप: इम्प्लांट जास्त टिकाऊ

हा सर्वांत प्रभावी युक्तिवाद आहे, म्हणून तो सविस्तर तपासायला हवा. इम्प्लांटची परंपरा आदरणीय आहे. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले आणि दात गमावलेल्या लक्षावधी लोकांचे जगणे त्यामुळे सुधारले. दात नसेल तिथे इम्प्लांट उत्तम उपाय आहे. वाद फक्त एवढाच आहे की असलेला दात काढून तिथे ते बसवणे केव्हा योग्य.

इथे तुलनाच मुळात विषम पट्ट्यांनी केली जाते. इम्प्लांटच्या अभ्यासांत पुष्कळदा मोजले जाते ते ‘टिकणे’: स्क्रू तोंडात आहे की नाही. एपिकोच्या अभ्यासांत मोजले जाते ते ‘बरे होणे’: एक्स-रेमध्ये हाड भरले का, दुखणे आणि सूज गेली का. पहिली कसोटी सैल आहे, दुसरी कडक. दोन्ही बाजूंना एकच कसोटी लावली की फरक विरघळतो. तोराबिनेजाद यांच्या २००७ च्या आढाव्यात सहा वर्षांहून अधिक काळाचा विचार करता रूट कॅनाल केलेले दात आणि एकट्या दाताचे इम्प्लांट, दोघांचेही टिकण्याचे प्रमाण सुमारे ९७ टक्के निघाले. आणि टिकलेले प्रत्येक इम्प्लांट निरोगी असतेच असे नाही. यान डर्क्स आणि क्रिस्तियानो तोमासी यांच्या २०१५ च्या आढाव्यात इम्प्लांट असलेल्या सुमारे २२ टक्के लोकांत त्याभोवतीचे हाड झिजवणारा दाह आढळला. तो आटोक्यात आणणे सोपे नसते.

दुसरा फरक रचनेचा आहे. नैसर्गिक दात हाडाला घट्ट चिकटलेला नसतो. दोघांमध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे तंतूंचे आवरण असते. चावताना येणारा दाब ते झेलते, आणि त्यातल्या संवेदी पेशींमुळे भाकरीतला बारीक खडा किंवा दातांत आलेला केसही लगेच कळतो आणि जबडा आपोआप थांबतो. इम्प्लांट हाडात थेट रुजते, म्हणून त्याची ही जाणीव बोथट असते. तिसरा फरक वयाचा. शाळेत किंवा मैदानावर पडून पुढचा दात दुखावलेल्या किशोरांत इम्प्लांट बसवता येत नाही, कारण जबडा वाढत राहतो आणि इम्प्लांट आहे तिथेच थांबते. काही वर्षांत ते शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसू लागते. अशा मुलांचा स्वतःचा दात वाचवणे हाच खरा उपाय असतो.

चौथा आणि माझ्या मते निर्णायक मुद्दा क्रमाचा आहे. एपिको फसली तर दात काढून इम्प्लांट बसवण्याचा मार्ग खुला राहतो. दात आधी काढला तर परतण्याची वाट नाही. शिवाय दात काढल्यावर हाडही वाट पाहत थांबत नाही: लार्स श्रॉप यांच्या २००३ च्या अभ्यासात दाढ किंवा उपदाढ काढल्यानंतर बारा महिन्यांत जबड्याच्या कडेची रुंदी जवळपास निम्मी झाली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली. जिथे दोन पर्यायांच्या यशात मोठा फरक नाही आणि त्यांपैकी एकच उलटवता येतो, तिथे आधी तोच घ्यावा.

५. तिसरा आक्षेप: मृत दात ठेवला तर शरीरात विष पसरते

ही भीती नवी नाही. १९१० मध्ये ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात केलेल्या भाषणानंतर दातांतल्या संसर्गातून सांधे, हृदय आणि मन सगळेच बिघडते असा सिद्धांत फोफावला आणि पुढच्या काही दशकांत असंख्य दात विनाकारण उपटले गेले. त्या लोकांचे मूळ आजार दात गेल्याने बरे झाले नाहीत, आणि चांगला पुरावा समोर आला तसा हा सिद्धांत मागे पडला. तोंडातला संसर्ग दुर्लक्षित ठेवू नये हे खरे. म्हणूनच तर तो मुळापासून काढायचा. पण संसर्ग काढणे आणि दात काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एपिको संसर्ग काढते आणि दात ठेवते.

६. हट्ट कुठे सोडावा

दात वाचवण्याचा आग्रह आंधळा झाला तर तोही तितकाच अशास्त्रीय ठरेल. पहिली अट: बहुतेक वेळा एपिकोच्या आधी रूट कॅनाल पुन्हा नीट करण्याचा विचार व्हायला हवा. तोराबिनेजाद यांच्या २००९ च्या आढाव्यात दोन ते चार वर्षांच्या टप्प्यावर शस्त्रक्रियेचे यश ७७.८ टक्के आणि पुन्हा केलेल्या रूट कॅनालचे ७०.९ टक्के होते, पण चार ते सहा वर्षांवर चित्र उलटले: ७१.८ विरुद्ध ८३ टक्के. यातली शस्त्रक्रिया बरीचशी जुन्या पद्धतीची होती हे धरूनही एक बोध उरतो: आतला कचरा आत ठेवून फक्त टोक बंद करणे पुरेसे नाही. शस्त्रक्रियेची खरी जागा आहे ती आतून जाता येत नाही तिथे: लांब धातूचा खांब बसवलेला, आत सुईचा तुकडा अडकलेला, वाट कॅल्शियमने बुजलेली, किंवा चांगले पुनरुपचार करूनही व्रण न भरलेला दात.

दुसरी अट: मूळ उभे चिरलेले असेल तर टोक कापून उपयोग नाही. हिरडीच्या रोगाने आधारच गेला असेल, किंवा वरचा दात इतका किडला असेल की कॅप धरायला भिंत उरली नाही, तर तो काढणेच योग्य. तिसरी अट शरीररचनेची: खालच्या दुसऱ्या दाढेसमोर हाड जाड असते, खालच्या उपदाढांजवळ ओठाची संवेदना वाहणारी नस बाहेर पडते, वरच्या दाढांची मुळे सायनसला लागून असतात. म्हणून आधी सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन करून अंतरे मोजावी लागतात. चौथी: हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेटसारखी औषधे घेणारे, किंवा तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्याला रेडिएशन घेतलेले रुग्ण. तंबाखूमुळे आपल्याकडे दुसऱ्या गटातले रुग्ण कमी नाहीत. त्यांच्या जबड्यावरचा कोणताही छेद, एपिको असो वा दात काढणे, त्यांच्या मूळ डॉक्टरांशी बोलल्याशिवाय होऊ नये.

७. चौथा आक्षेप: हे सगळे श्रीमंतांचे शास्त्र

मायक्रोस्कोप आणि प्रशिक्षित हात तालुक्याच्या गावी सहज मिळत नाहीत, आणि सर्वसाधारण मेडिक्लेम पॉलिसी अपघात सोडून दातांचा खर्च देत नाहीत, हे वास्तव आहे. पण हाच युक्तिवाद इम्प्लांटलाही लागू पडतो. एक इम्प्लांट आणि त्यावरची कॅप यांचा एकत्रित खर्च साधारणपणे एपिकोपेक्षा जास्त होतो, आणि दात काढून जागा रिकामी सोडली तर शेजारचे दात कलंडतात, समोरचा लांबतो, त्याची किंमत हळूहळू मोजावी लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात मुळांच्या उपचारांचे पदव्युत्तर विभाग आहेत आणि खाजगी दवाखान्यांच्या तुलनेत खर्च फार कमी येतो. जुना, संथ व्रण हा तासातासाचा प्रश्न नसतो. तज्ज्ञाकडे जायला काही आठवडे घेता येतात. अपवाद लक्षात ठेवावा: ताप, जबड्याखाली किंवा डोळ्याकडे पसरणारी सूज, तोंड न उघडणे किंवा गिळताना त्रास असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अनेक दवाखान्यांत इम्प्लांटचा संच हाताशी असतो आणि मायक्रोस्कोप नसतो. तेव्हा जे हाताशी आहे ते सुचवले जाणे स्वाभाविक आहे. म्हणूनच प्रामाणिक डॉक्टरने ‘हे मी करत नाही, पण होऊ शकते’ असे सांगून रुग्णाला पुढे पाठवणे ही व्यावसायिक जबाबदारी मानली पाहिजे.

निष्कर्ष

रुग्णाने काय करावे, हे आता थोडक्यात सांगता येते. दात काढायला होकार देण्याआधी डॉक्टरांना पाच प्रश्न विचारा. रूट कॅनाल फसण्याचे कारण काय दिसते? मुळाला चीर आहे का, आणि ते कशावरून ठरवले? रूट कॅनाल पुन्हा करता येईल का? नसेल तर एपिको होऊ शकते का, आणि ती मायक्रोस्कोपखाली करणारा तज्ज्ञ कोण? काहीच न केल्यास किंवा थांबल्यास काय होईल? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावरही दात काढावा लागला, तर तो निर्णय योग्य आहे. उत्तरे न मिळताच काढला, तर तो घाईचा आहे. खुर्चीत बसण्याआधी हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या आणि प्रत्येकाचे उत्तर मागा.